आजीची तुळस आणि पहिले तीस सेकंद

टॅटूवरची डॉक्युमेंटरी लावा, सुरुवात बहुतेकदा ठरलेली. पडदा काळा, मशीनची घरघर आणि मग कॅमेरा कातडीच्या इतका जवळ की मनगट आहे की माळरान, कळत नाही. आवाज आधी, चित्र मागून. याला जे-कट म्हणतात. सुई दिसायच्या आधीच आपण हात आखडतो, ती करामत आवाजाची.

गोंदणावरच्या माझ्या फिल्मसाठी हीच युक्ती मी नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला, खंडोबाच्या जत्रेत करून पाहिली. फजिती! हलगीनं मशीनचा आवाज पार गिळला.

शेवटी लातूरला येऊन आजीला खिडकीपाशी बसवलं. समोरून लाइट मारला की म्हातारी कातडी सपाट दिसते. बाजूच्या तिरप्या उजेडात मात्र सुरकुत्या उठून आल्या आणि त्यांत वाकलेली, हिरवट पडलेली गोंदणातली तुळसही. रेषा पसरल्यात, पण पुसल्या नाहीत. रंग वरच्या कातडीत नसतो, तिच्या खालच्या थरात असतो. तिथल्या पेशी तो धरून ठेवतात. आजी म्हणाली, "मेल्यावर दागिने काढून घेतेत बाबा, हे कोण काढतंय?" तिथं संगीत टाकलं नाही. टाकलं असतं तर माती झाली असती.

आणखी एक गंमत. एडिसनच्या विद्युत लेखणीच्या धर्तीवर न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायलींनी टॅटू मशीनचं पेटंट घेतलं १८९१ मध्ये. एडिसननं आपल्या चलत्चित्र कॅमेऱ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तोही त्याच वर्षी.