आधी अगस्त्य शोधा!

दिवाळी दिव्यांची, तशीच ताऱ्यांचीही. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते, म्हणजे चंद्राचा अडथळा नाही. पावसाळा सरलेला असतो आणि मुलांना सुट्टी असते. मुंबई-ठाण्याकडची किती तरी कुटुंबे अशा वेळी गावी जातात. पेण आणि रोहा यांच्या मधले, अंबा नदीकाठचे नागोठणेच घ्या. तिथे आता मोठा पेट्रोरसायन कारखाना आहे, मुंबई-गोवा महामार्गही आहे. तरी त्या उजेडाकडे पाठ करून मागल्या अंगणात उभे राहिले, की शहरात कधी न दिसलेले तारे डोळ्यांत भरतात. मुले विचारतात, "बाबा, तो कोणता हो?" आणि बाबांचे सारे खगोलज्ञान सप्तर्षींपाशी येऊन थांबते.

गंमत अशी, की दिवाळीत संध्याकाळी सप्तर्षी नसतातच! ते तेव्हा उत्तर क्षितिजाखाली गेलेले असतात. मग ठरते : एक चांगले पुस्तक आणायचे.

पण कोणते? दुकानात गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची इंग्रजी पुस्तके हारीने मांडलेली असतात. त्यांतली बरीचशी इंग्लंड-अमेरिकेच्या आकाशासाठी लिहिलेली. लंडन आहे साडेएक्कावन्न अक्षांशावर, नागोठणे आहे साडेअठरावर. लंडनला सप्तर्षी वर्षभर मावळत नाहीत, म्हणून तिथला लेखक बेधडक लिहितो, की सप्तर्षींवरून ध्रुव शोधा. हात लांब करून मूठ धरली, तर ती आकाशाचे सुमारे दहा अंश झाकते. त्या मापाने लंडनचा ध्रुव क्षितिजावर पाच मुठी. आपला जेमतेम दोन!

असे पुस्तक घेऊन मूल अंगणात उभे राहते. चित्र आणि आकाश जुळत नाही. पुस्तक परक्या गावचे आहे हे त्या बिचाऱ्याला कसे कळावे? ते म्हणते, "मला हे जमत नाही." पुस्तक माळ्यावर जाते आणि त्याबरोबर एक चांगला छंदही. पुस्तकाच्या किमतीपेक्षा हे नुकसान फार मोठे.

म्हणून दुकानातच एक सोपी परीक्षा घ्यावी. फेब्रुवारीचा नकाशा उघडावा आणि त्यात अगस्त्य शोधावा. रात्रीच्या आकाशात व्याधाच्या खालोखाल तेजस्वी असा हा तारा. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास तो आपल्याकडे व्याधाच्या खाली, दक्षिणेला, क्षितिजापासून दोन मुठींवर झळकतो. लंडनमध्ये तो कधीच उगवत नाही. नकाशात अगस्त्य नसेल, तर ते पुस्तक आपले नव्हे. खुशाल परत ठेवावे. हवी तर दुसरी परीक्षा त्रिशंकूची. मे महिन्यात रात्री नऊ-साडेनऊला, दक्षिणेला डोंगर आडवा नसेल, तर तो मूठभर उंचीवर दिसायला हवा. नक्षत्रांची फिरती तबकडी घेतानाही ती वीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपासची आहे ना, हे पाहावे.

आता ऋतूंचे. परदेशी पुस्तके उन्हाळ्याच्या, म्हणजे जून ते ऑगस्टच्या, आकाशाचे भरभरून वर्णन करतात. कोकणात तेव्हा ढगांचे राज्य! आपला हंगाम ऑक्टोबर ते मे. शिवाय चांगले मराठी पुस्तक एक कोडेही उलगडते : मृगाचा पाऊस पडतो तेव्हा रात्री मृग का दिसत नाही? कारण तेव्हा सूर्यच मृग नक्षत्रात असतो.

नकाशे पांढऱ्या कागदावर काळ्या ठिपक्यांचे, ठळक ताऱ्यांचे असावेत. हजारो ताऱ्यांच्या गर्दीत नवशिका हरवतो. अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटे लागतात आणि पांढऱ्या प्रकाशाने ती मेहनत क्षणात वाया जाते. तेव्हा आकाशकंदिलाचा उरलेला लाल कागद विजेरीला गुंडाळावा आणि त्या उजेडात नकाशा वाचता येतो का ते पाहावे. मोबाइल ताऱ्याचे नाव सांगतो खरा, पण पडद्याचा झगझगाट डोळे दिपवतो, आणि आयते मिळालेले नाव लक्षातही राहत नाही. दुर्बिणीची घाई नको. पहिले वर्ष नुसत्या डोळ्यांचे.

वाचायचे पुस्तक वेगळे आणि पाहायचे वेगळे, हेही ध्यानात असावे. डॉ. जयंत नारळीकरांचे 'आकाशाशी जडले नाते' आरामखुर्चीत वाचावे. अंगणात मात्र नकाशांचे पुस्तकच हवे. मराठीत ही परंपरा जुनी आहे. कोकणातल्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित (1853-1898) हे पेशाने शिक्षक. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा थोर ग्रंथ लिहिणाऱ्या या विद्वानाने सामान्य वाचकांसाठी 'ज्योतिर्विलास' लिहिले आणि त्याला जोडनाव दिले 'रात्रीची दोन घटका मौज'. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. नवशिक्याला एका रात्री तेवढी पुरेत.

एक पुस्तक तर घरात आधीच असते : पंचांग. त्यातले दिननक्षत्र म्हणजे त्या दिवशी चंद्र असलेले नक्षत्र. ग्रह कोणत्या राशीत आहे हेही त्यात असते. ग्रह जागा बदलतात, म्हणून ते नकाशात छापलेले नसतात. तिथे पंचांग कामी येते. भविष्याची पाने वगळली तरी चालेल.

तरीही निवड होईना, तर जाणत्यांना विचारावे. पुण्यात 1944 साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईकडे खगोल मंडळ आहे. जाणत्याबरोबर एक रात्र काढली, की कोणते पुस्तक हवे हे आपोआप कळते.

पुस्तक येईपर्यंत या दिवाळीपुरती एवढी शिदोरी पुरे. रात्री आठच्या सुमारास पश्चिमेला श्रवण, वायव्येला अभिजित. डोक्याजवळ भाद्रपदांचा मोठा चौकोन. ईशान्येला शर्मिष्ठेचा वेडावाकडा 'एम'. सप्तर्षी नसताना उत्तर दिशा तीच सांगते. पूर्वेला नुकता वर आलेला कृत्तिकांचा पुंजका. दहापर्यंत जागलात, तर पूर्वेला मृगही येईल. मुलांना आधी कृत्तिका मोजायला सांगा. कुणी सहा म्हणेल, कुणी सात. त्या भांडणात आपणही जरूर पडा.