फायकसचा धंदा : उजेडाचा हिशेब चुकला की पत जाते

हॉटेल, दवाखाना, बँक किंवा सराफाची पेढी, कोठेही जा, दर्शनी भागात कुंडीतले एखादे फायकसचे झाड दिसतेच. फायकस बेंजामिना हे त्याचे पूर्ण नाव. वड, पिंपळ व उंबर यांच्याच कुळातले हे झाड आहे. चकचकीत पाने, खाली झुकणाऱ्या फांद्या आणि छाटणी सोसण्याची ताकद यामुळे बागेत आणि दिवाणखान्यातही त्याला मागणी असते. रोपवाटिका चालविणे, हातगाडीवर रोपे विकणे, कार्यालयांना भाड्याने झाडे पुरविणे, शेडनेटचे सांगाडे उभारणे अशा कामांत आपले अनेक बांधव आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांनी एक तक्रार ऐकलेली असते : ‘‘झाड नेले तेव्हा हिरवेगार होते, पंधरा दिवसांत निम्मी पाने गळाली. मेलेले झाड दिलेत!’’

विक्रेता म्हणतो पाणी चुकले, गिऱ्हाईक म्हणते माल खराब. वाद होतो, पैसे अडकतात आणि दुकानाचे नाव जाते. खरे कारण बहुतेक वेळा पाणीही नसते आणि रोगही नसतो. झाडाला मिळणारा उजेड एकदम बदलला, हेच ते कारण होय.

डोळा फसवतो

उजेड लक्स या परिमाणात मोजतात. दुपारी मोकळ्या उन्हात सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. कार्यालयात मेजावर तो ३०० ते ५०० लक्स भरतो. म्हणजे उन्हातले झाड हॉलमध्ये नेले की त्याचा उजेड दोनशे ते तीनशे पटींनी घटतो. आपला डोळा अंधाराला लगेच सरावतो, त्यामुळे हॉल आपल्याला लख्ख वाटतो. झाडाला मात्र ही सवलत नाही. फायकस टिकून राहण्यासाठी रोज दहा-बारा तास साधारण १००० लक्स तरी उजेड हवा, आणि याहून जास्त मिळाला तर चांगलेच.

झाडाचा जमाखर्च

दुकानाचा गल्ला आणि झाडाचे पान यांचा हिशेब सारखाच आहे. पान उजेडात अन्न तयार करते, ही जमा. जिवंत राहण्यासाठी ते रात्रंदिवस अन्न खर्च करते, हा खर्च. भर उन्हात वाढलेल्या पानाची कमाई मोठी असते आणि खर्चही मोठा असतो. असे झाड एकदम सावलीत नेले की कमाई बसते, पण खर्च तोच राहतो. तोट्यातला दुकानदार नोकर कमी करतो, तसे झाड पाने टाकून खर्च कमी करते. सावलीत वाढलेल्या पानाचा खर्च मुळातच कमी असल्याने ते थोड्या उजेडातही भागवून नेते.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील अपॉप्का येथे चार्ल्स कॉनोव्हर व रिचर्ड पूल या संशोधकांनी १९७०च्या दशकात यावर प्रयोग केले. विक्रीपूर्वी सावलीत सरावलेले फायकस घरात गेल्यावर पाने धरून ठेवते आणि भर उन्हातले झाड ती टाकते, हे त्यांनी दाखवून दिले.

माल ओळखावा कसा?

पान पाहूनच ओळख पटते. उन्हातले पान लहान, जाड, फिकट हिरवे आणि मधल्या शिरेवर थोडे दुमडलेले असते. सावलीतले पान मोठे, पातळ, गडद हिरवे आणि सपाट असते. पुण्याजवळच्या उरुळी कांचनहून किंवा आंध्रातील राजमहेंद्रीजवळच्या कडियम भागातून माल घेताना ही पाने आधी पाहावीत. लांबच्या प्रवासात ताडपत्रीखालच्या अंधारानेही पाने गळतात, म्हणून गाडी उतरताच झाडे विकायला काढू नयेत.

सावलीची शिस्त

उन्हातले झाड आधी ५० टक्के शेडनेटखाली ठेवावे. चार-पाच आठवड्यांनी ७५ टक्के जाळीखाली न्यावे व तेथेही तेवढेच दिवस राहू द्यावे. उंच, मोठ्या झाडाला तीन महिने किंवा अधिक लागतात. ७५ टक्के जाळी म्हणजे ७५ टक्के ऊन अडविणारी जाळी. खरेदी करताना येथे अनेकांची गफलत होते. या काळात खत कमी करावे, कारण कमी उजेडात झाड ते उचलत नाही आणि क्षार कुंडीत साचतात. जुनी पाने थोडी गळतील, घाबरू नये. नवी येणारी पाने सावलीची असतील, तीच पुढे टिकतात. पावसाळ्यात आभाळामुळे उजेड आधीच कमी असतो, तेव्हा जाड जाळी काढून पातळ लावावी.

भाड्याने झाडे देणाऱ्यांची एक चूक नेहमीची आहे. कार्यालयातून परत आलेले झाड ‘ताजे व्हावे’ म्हणून ते सरळ उन्हात ठेवतात. सावलीची पाने तेथे करपतात, नवी पाने उन्हाची येतात आणि सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. अशी झाडे ७५ टक्के जाळीखालीच विसावू द्यावीत.

गिऱ्हाइकाला काय सांगावे?

झाड खिडकीजवळ ठेवा. एसीचा झोत अंगावर येऊ देऊ नका. जागा वरचेवर बदलू नका. पांढऱ्या पानांच्या ‘स्टारलाईट’ जातीला आणखी उजेडात ठेवा, कारण पानाचा पांढरा भाग अन्न तयार करीत नाही. पानावरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाने गळू लागली की पाणी वाढवू नका. कमी उजेडात झाड पाणी कमी पिते. जास्त पाण्याने मुळे कुजतात आणि जगू शकणारे झाड खरोखर मरते.

फर्निचर करणाऱ्या कारागिरांनीही हे ध्यानात घ्यावे. झाडाची पेटी हॉलच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठोकून बसविण्यापेक्षा खिडकीच्या बाजूला आखावी. तेथे जागा नसेल तर उजेडाच्या दिव्याची सोय आधीच काढून ठेवावी.

ऐब झाकू नये

दोन-तीन महिने झाड जाळीखाली ठेवणे म्हणजे जागा अडते आणि भांडवलही अडते. म्हणून उन्हातला माल ‘घरात चालतो’ असे सांगून खपविण्याचा मोह होतो. येथे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या बाजारातील धान्याच्या ढिगाचा प्रसंग आठवावा. ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. धान्य पावसात भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. मग ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, अशी समज दिली. उन्हातले झाड दिसायला कोरडे धान्यच असते. त्याची ओल पंधरा दिवसांनी बाहेर येते.

यावर उपाय साधा आहे. दुकानात दोन रांगा करा : एक बागेसाठी उन्हातल्या मालाची, दुसरी घरासाठी सावलीतल्या मालाची. सावलीच्या मालाला जागेचे व वेळेचे दाम लावा, ते हक्काचे आहे. बिलावर ‘सावलीत सरावलेले’ असे लिहा, आणि ते खरे असेल तेव्हाच लिहा. एकदा झाड टिकले की तेच गिऱ्हाईक शेजाऱ्याला घेऊन येते. हलाल कमाईची बरकत अशीच असते.