हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ
दोन ठिकाणांमधील पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर म्हणजे हवाई अंतर. सातारा आणि सांगली यांच्यातील हे अंतर साधारण ११० किलोमीटर आहे. कराड, इस्लामपूरमार्गे रस्ता त्याहून थोडा लांब पडतो.

या अंतराला विमानाच्या वेगाने भागले की प्रवासाचा वेळ मिळतो, असा समज सर्वत्र आढळतो. पण एसटी ताशी ६० किलोमीटरने धावली तरी सातारा-सांगली दोन तासांत होत नाही. कराडच्या स्टँडवर गाडी आत वळते, थांबते, पुन्हा महामार्गाला लागते. विमानाचेही तसेच.

सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूर भागातली गलाई (सोने-चांदी शुद्ध करण्याचा व्यवसाय) करणारी कुटुंबे देशभर पसरली आहेत. त्यांच्यासाठी हा हिशेब रोजच्या कामाचा आहे. पुणे-कोलकाता हवाई अंतर सुमारे १,६०० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटरने दोन तास होतात, प्रत्यक्षात अडीचच्या आसपास लागतात: धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे, ठरलेल्या हवाई मार्गाची वळणे. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात, म्हणून परतीला आणखी वेळ जातो. विट्याहून पुण्याचा विमानतळ गाठण्याचे तास तर वेगळेच धरावे लागतात.