चिठ्ठीत नाव निघालेली मुलं

पोर जेमतेम पाच वर्षांचं, आणि त्याच्या शाळेचा फैसला चिठ्ठ्या काढून! न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये २००४ साली ‘प्रॉमिस अकॅडमी’ सुरू झाली ती अशीच. जागा थोड्या, आशेने आलेले आईबाप फार. ही ‘चार्टर’ शाळा. म्हणजे पैसा सरकारचा, फी नाही, पण कारभार खाजगी संस्थेचा. आपल्या अनुदानित शाळांची आठवण व्हावी. फरक एवढाच, की इथे सरकारी पैशात धनिकांच्या देणग्यांची घसघशीत भर पडते.

संस्थेचे तेव्हाचे प्रमुख जेफ्री कॅनडा स्वतः गरिबीत वाढलेले. पोट रिकामं, दात किडलेला, छातीत घरघर, अशा मुलाच्या डोक्यात पाढे कसे शिरणार, हा त्यांचा साधा हिशेब. हार्लेममध्ये पाहणी झाली तेव्हा सुमारे चारांतल्या एका मुलाला दमा निघाला होता. म्हणून शाळेतर्फेच आरोग्य तपासणी, दातांचे उपचार, सकस जेवण. पालकांना शिध्याची टोपली आणि बसभाडंसुद्धा. अभ्यासात मागे पडलेलं मूल इतर सरकारी शाळांच्या जवळजवळ दुप्पट तास इथे काढतं. (त्याला हे किती आवडतं, ते त्यालाच विचारायला हवं!)

आणि निकाल? डॉबी आणि फ्रायर या अर्थशास्त्रज्ञांनी चिठ्ठीत नाव निघालेल्या आणि हुकलेल्या मुलांचे गुण ताडून पाहिले. २०११ साली त्यांनी प्रसिद्ध केलं, की गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या गुणांतली दरी या शाळेच्या प्राथमिक वर्गांत गणितातही बुजली आणि इंग्रजीतही. मात्र पास होणाऱ्यांच्या टक्केवारीवर फार भाळू नये. २०१० मध्ये राज्याने उत्तीर्णतेची रेषा वर नेली, तेव्हा राज्यभर टक्के कोसळले, या शाळेचेही.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. संस्था वस्तीतही पुष्कळ सोयी पुरवते. या शाळेतल्या मुलांच्या घरी त्या पोहोचल्या, पण दुसऱ्या शाळेत जाणारी त्यांची भावंडं फारशी पुढे सरकली नाहीत. उलट संस्थेच्या हद्दीबाहेरून शाळेत येणारी मुलं हद्दीतल्यांइतकीच चमकली. म्हणजे श्रेय शाळेचंच, असं म्हणावं, तर ज्या शाळेत दातांचीही काळजी घेतली जाते तिथे शाळा कुठे संपते आणि दवाखाना कुठे सुरू होतो?

संध्याकाळी दोघंही एकाच टेबलाशी जेवायला बसतात. शिध्याची टोपली दोघांसाठीच आलेली असते.