पठारावरील सरडा आपली जागा कशी निवडतो

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपल्या खेड्यांतून नेहमी कानी पडते. अल्प कुवतीच्या माणसाची धडपड कोठवर, हे सांगण्यासाठी ती वापरतात. परंतु ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याचे निरीक्षण अचूक होते, यात शंका नाही. शेतातला सरडा कुंपणाशी थांबतो, कारण ऊन, सावली, किडे आणि लपावयास आडोसा ह्या त्याच्या चारही गरजा तेथेच भागतात. मग ज्या उघड्या डोंगरपठारावर कुंपण नाही, झाड नाही, तेथे सरडा आपली जागा कशी निवडीत असेल? पठाराच्या कुशीत ज्यांची शेती व गुरचराई आहे, त्यांनी हे जाणून घेणे उपयुक्त आहे.

सड्यावरचे जीवन

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीचे पठार सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. वर जांभा दगड, त्यावर मातीचा पातळ थर, पावसाळ्यात गवत आणि उन्हाळ्यात तापलेला खडक, असे त्याचे स्वरूप. ह्या पठारावर एक देखणा सरडा राहतो. नराच्या गळ्याखाली निळ्या, काळ्या व नारिंगी रंगांची पंख्यासारखी कातडी असते. २०१६ साली शास्त्रज्ञांनी अशा सरड्यांच्या गटाला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला, तेव्हा त्या प्रजातीचे नाव आपल्या मराठी ‘सरडा’ ह्या शब्दावरूनच ठेवले. खेड्यातला शब्द अशा रीतीने जगाच्या प्राणिशास्त्रात जाऊन बसला.

उष्णतेचा हिशेब

सरड्याचे शरीर स्वतः पुरेशी उष्णता निर्माण करीत नाही. ती त्यास बाहेरून मिळवावी लागते. म्हणून जागेची निवड हा त्याच्या दृष्टीने प्रथम उष्णतेचा प्रश्न होय. डोंगरावरची सकाळ थंड असते. अशा वेळी सरडा उन्हाकडे तोंड असलेल्या दगडावर अंग पसरून बसतो. वरून ऊन आणि खालून तापलेला दगड, अशी दुहेरी ऊब त्यास मिळते. अंग तापल्याखेरीज त्याला चपळाईने धावता येत नाही व खाल्लेले पचवताही येत नाही. दुपारी तोच दगड भाजू लागला की तो गवताच्या बुंध्याशी अथवा फटीत सरतो. एकाच जागी ऊन व सावली ही दोन्ही चार पावलांच्या अंतरावर असतील, तीच जागा त्याला मानवते. नुसता उघडा खडक किंवा नुसते दाट उंच गवत त्याच्या कामाचे नाही.

दगडाचे दोन उपयोग

उन्हाळ्यात, पावसापूर्वीच्या महिन्यांत, नर उंच दगडावर चढून गळ्याचा पंखा फुलवतात. मादीस तो दिसावा आणि दुसऱ्या नराने दूर राहावे, हा त्यातील हेतू. त्यासाठी चहूकडून दिसणारा दगड लागतो. परंतु जो दगड मादीला दिसतो तो आकाशातल्या कापशी घारीलाही दिसतो. म्हणून दगड असा हवा की ज्याच्या जवळच झटकन शिरावयास फट आहे. मादीची गरज निराळी आहे. ती मातीत लहान खड्डा करून अंडी घालते व वर माती लोटते. तेव्हा खडकाळ पठारावर जेथे थोडी मऊ माती साठली आहे, अशी जागा तिला शोधावी लागते.

ह्याच पठारावर सुट्या दगडांच्या खाली राहणारी एक लहान पालही आढळते. २००८ साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि सातारा जिल्ह्यावरूनच तिला शास्त्रीय नाव मिळाले. दगडाखालची जागा भर उन्हात वरच्यापेक्षा थंड राहते आणि ओलावाही टिकवते. दगड जमिनीवर नीट टेकलेला असेल तरच हे घडते.

शत्रू नाहीसा झाला तर?

चाळकेवाडीच्या पठारावर अनेक वर्षांपासून पवनचक्क्या आहेत. पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना करून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट अधिक होते. जेथे पवनचक्क्या होत्या तेथे पक्षी कमी आणि सरडे अधिक होते. एवढ्यावरून पवनचक्क्यांचा सरड्यांना लाभ झाला असे कोणासही वाटेल. पण तेथील सरडे अंगाने रोडके आणि रंगाने फिके आढळले. त्यांच्या रक्तातील ताणाचे द्रव्य कमी होते आणि माणूस पुष्कळ जवळ आल्याशिवाय ते पळत नसत. भय ओसरले, संख्या वाढली आणि त्याबरोबर अन्नासाठी आपसांतील चढाओढही वाढली असावी, असा ह्याचा अर्थ संशोधकांनी लावला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सरड्याची जागा म्हणजे केवळ दगड व गवत नव्हे. आकाशातली घार हाही त्या जागेचाच भाग आहे. साखळीतील एक कडी हलली की दुसरी हलल्यावाचून राहत नाही. शेतातील कीड, तिला खाणारे प्राणी आणि त्या प्राण्यांचे शत्रू यांचे नातेही असेच आहे. मुंग्या, भुंगेरे, नाकतोडे हे सरड्यांचे नित्याचे खाद्य असते, हे शेतकऱ्याने ध्यानात ठेवावे.

काय करावे, काय टाळावे

पठारावरील दगड बांधासाठी आणण्याची प्रथा जुनी आहे. बांध घालणे आवश्यकच आहे. परंतु पठारावरचे सर्व सुटे दगड वेचून नेले तर सरडे व पाली यांचा आसरा जातो. म्हणून शेत तयार करताना निघालेले दगड प्रथम वापरावेत आणि पठारावरील दगड शक्य तो तेथेच राहू द्यावेत. कारणपरत्वे दगड उलटला तर तो पुन्हा त्याच जागी, त्याच बाजूने ठेवावा. उलटताना दगडाखाली हात कधीही घालू नये. फुरसे हा विषारी साप अशाच जागी दडून बसतो. काठीचा उपयोग करावा.

उन्हाळ्यात पठारावरील गवतास आग लावण्याचे टाळावे. ह्याच दिवसांत सरड्यांचा विणीचा हंगाम सुरू असतो, आणि आगीत त्यांची सावली, अन्न व आडोसा एकाच वेळी नष्ट होतात. भारतात सरड्याची अथवा पालीची कोणतीही जात विषारी नाही, हेही गावकऱ्यांना पटवून द्यावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेतील मुलांना उन्हाळ्याच्या एखाद्या सकाळी पठारावर न्यावे, आणि कोणत्या दगडावर सरडा बसतो व कोणता टाळतो, हे दुरून पाहावयास शिकवावे. जो मुलगा हे एकदा पाहील, तो पुढे सरड्यास दगड मारण्यापूर्वी विचार करील.

पठारावर कुंपण नाही. पण सरड्याच्या धावेला तेथेही मर्यादा आहे. ती एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत आहे. मधला दगड उचलला गेला, तर ती धाव तेथेच संपते.