गुण वाढले, म्हणून काय झालं?

“परिणामकारक आहे, मॅडम. टी मूल्य पंधराच्या वर आलंय.”

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत हे वाक्य कानावर पडलं की पुढचं सगळं पाठच असतं. साठ मुली, तीस प्रश्न. शिकवण्याआधी सरासरी ११ गुण, शिकवल्यानंतर सातव्या दिवशी १९. पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी. सबब, नियोजित शिक्षण कार्यक्रम परिणामकारक ठरला. विषय बदलतो: कधी सिकलसेल, कधी स्तनपान, कधी मासिक पाळीतली स्वच्छता. निष्कर्ष मात्र तोच. जो निष्कर्ष कधीच वेगळा येत नाही, तो काढायला अभ्यास कशाला लागतो, असं कुणी विचारत नाही, याचं मला अजूनही नवल वाटतं.

यवतमाळ रस्त्यावरचं, वर्धा शहराला खेटून असलेलं सावंगी (मेघे) हे या विषयावर बोलायला चांगलं ठिकाण आहे. इथं १९९० साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जोडीला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, आणि दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपीची महाविद्यालयं. शहराच्या दुसऱ्या बाजूला सेवाग्रामला १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. एवढ्याशा टापूत आरोग्याचं शिक्षण घेणारी इतकी मुलं महाराष्ट्रात फार ठिकाणी सापडणार नाहीत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना कधी ना कधी प्रश्नावली घेऊन एखाद्या गावात, शाळेत किंवा वॉर्डात जावंच लागतं. वर उतरवलेला साचा मात्र सावंगीचा नाही. तो पुण्यात आहे, नांदेडात आहे, चेन्नईतही आहे. शिक्षक प्रशिक्षणात आहे, बचत गटांच्या कार्यशाळांत आहे, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून चालणाऱ्या प्रकल्पांच्या अहवालांत तर उघड्या डोळ्यांनी न बघवण्याइतका आहे.

तर गैरसमज असा: कार्यक्रमाआधी मोजलं, कार्यक्रमानंतर मोजलं, आकडा वाढला, म्हणजे कार्यक्रमानं काम केलं.

हा आकडा येतो कसा, ते जवळून पाहू. सिकलसेलवरची प्रश्नावली घ्या. एक प्रश्न समजा असा आहे: हा आजार कशामुळे होतो? दूषित पाण्यानं, डास चावल्यानं, आईवडिलांकडून, की सकस आहार न मिळाल्यानं? नववीतली मुलगी पहिल्या दिवशी शेवटच्या पर्यायावर खूण करते. मग पंचेचाळीस मिनिटं तक्ते दाखवून शिकवलं जातं. तिसऱ्या तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘आईवडिलांकडून मुलांना’. सातव्या दिवशी तीच प्रश्नावली, तेच प्रश्न, त्याच क्रमानं, आणि पेपर वाटायला तीच ताई. मुलीनं बरोबर खूण केली. आता यातून काय सिद्ध झालं? नववीतल्या मुलीला सांगितलेली गोष्ट आठवडाभर आठवते, एवढंच. ते आपल्याला आधीच ठाऊक होतं. शाळा त्याच भरवशावर चालतात.

बरं, तेवढंही पूर्ण खरं नाही. पहिला पेपर हाही एक धडाच असतो. मुलगी घरी जाऊन आईला विचारते, मैत्रिणीशी बोलते, मोबाइलवर शोधते. शिकवलंच नसतं तरी दुसऱ्या वेळी तिचे गुण थोडे वाढले असते. हा घोळ काही आजचा नाही. रिचर्ड सॉलोमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९४९ साली यावर चार गटांची रचना सुचवली. दोन गटांना पूर्वचाचणी द्यायची, दोघांना नाही. शिकवायचं मात्र प्रत्येक जोडीतल्या एकालाच. म्हणजे चाचणीचा परिणाम किती आणि शिकवण्याचा किती, हे वेगळं काढता येतं. पुढं १९६३ मध्ये कॅम्पबेल आणि स्टॅन्ली यांनी आधी-नंतरच्या एकगटी मोजमापाला काय काय बाधतं, याची यादीच छापली. मधल्या काळात बाहेर घडलेल्या गोष्टी, वयानुसार आपसूक होणारी वाढ, चाचणीची सवय, मोजण्याच्या पद्धतीत झालेला बदल. साठ वर्षं होऊन गेली. ही यादी आपल्या अभ्यासक्रमात आहे, परीक्षेत तिच्यावर प्रश्न येतो, विद्यार्थी उत्तर लिहून गुण मिळवतात आणि प्रबंधाला बसले की तीच एकगटी रचना निवडतात. ज्ञान वाढलं की वागणं बदलतं असं मानणाऱ्यांनी निदान याचा तरी विचार करावा.

पी व्हॅल्यूच्या दबदब्याबद्दलही बोलायलाच हवं. साठ मुलींच्या गुणांतल्या फरकाचं प्रमाण विचलन ४ धरलं, तर आठ गुणांच्या वाढीला टी मूल्य साडेपंधरा येतं. मोठं वाटतं. पण याच हिशेबानं सरासरी फक्त सव्वा गुणानं वाढली असती, तीसपैकी सव्वा, तरीही पी व्हॅल्यू ०.०५ च्या खालीच आली असती. ‘सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय’ याचा अर्थ एवढाच, की हा फरक निव्वळ योगायोगानं पडणं अवघड आहे. तो फरक कशामुळे पडला आणि तो कुणाच्या उपयोगाचा आहे का, या दोन्ही प्रश्नांवर टी टेस्ट तोंडही उघडत नाही.

याच चुकीचा आणखी फसवा प्रकार आरोग्य शिबिरांत दिसतो. वरचा रक्तदाब १५० च्या पुढे आलेले लोक निवडायचे, त्यांना पंधरा दिवस योगासनं किंवा आहाराचं समुपदेशन द्यायचं, पुन्हा मोजायचं. सरासरी उतरते. उतरणारच. रक्तदाब रोज वरखाली होतो. ज्यांचा त्या दिवशी नेमका वर गेलेला होता, त्यांनाच आपण वेचून घेतलं. पुढच्या वेळी त्यातल्या बऱ्याच जणांचा तो आपल्या नेहमीच्या पातळीवर येतो, योग केला काय किंवा न केला काय. फ्रान्सिस गॉल्टननं १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीवरून हे सरासरीकडे परतणं दाखवून दिलं होतं. वर्गातली ‘ढ’ मुलं निवडून चालवलेल्या जादा तासांनाही हाच नियम लागू आहे. योग निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. त्या शिबिरानं तो उपयोगी असल्याचं दाखवलं नाही, एवढंच.

मग कसं दाखवायचं? त्यासाठी परदेशी जायला नको, विदर्भातच पाहू. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा कार्यक्रम केला. गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण द्यायचं. तिनं बाळाचं वजन करायचं, त्याला उबेत ठेवायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि गरज पडली तर इंजेक्शन द्यायचं. ३९ गावांत कार्यक्रम झाला, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली, आणि जन्म-मृत्यू दोन्हीकडे मोजले. १९९३ ते ९५ या काळात कार्यक्रमाच्या गावांत दर हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती, तुलनेच्या गावांत ५८. कार्यक्रमाच्या तिसऱ्या वर्षी पहिल्या गावांत हा आकडा २५.५ वर आला. दुसरीकडे तो साठाच्या आसपासच राहिला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं हे छापलं. गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, ही त्यातली उणीव. ती धरूनही पुरावा भक्कम आहे. कुणी म्हणेल, तुलनेच्या गावांत काही हललंच नाही, मग फक्त आधी-नंतर मोजूनही हेच कळलं असतं. अहो, पण हललं नाही हे कळलं कसं? ती ४७ गावं होती म्हणून. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासते, त्यामागे हा हिशेब आहे. गडचिरोलीत प्रशिक्षणानंतर आरोग्यदूतांची फक्त लेखी परीक्षा घेऊन कुणी थांबलं असतं, तर ‘ज्ञानात लक्षणीय वाढ’ एवढा एक निष्कर्ष हाती आला असता.

आणि तुलनेचा गटही पुढे सरकतो तेव्हा काय होतं, हे मुंबईच्या महापालिका शाळांनी दाखवलं. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर घेऊन वाचन-गणित शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात त्याचं मूल्यमापन केलं. ते २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. बालसखी नसलेली मुलंही वर्षभरात शिकलीच की, शाळेत जात होती ती. त्यामुळे बालसखीच्या वाट्याला फक्त वरची वाढ आली: दुसऱ्या वर्षी प्रमाण विचलनाच्या ०.२८ पट. शिक्षणात हे चांगलंच मानतात. पण कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानं पुन्हा मोजलं तेव्हा ती ०.१ च्या आसपास उतरली होती. सातव्या दिवशी उत्तरचाचणी घेऊन मोकळ्या होणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा दोनदा वाचावा.

“पण मॅडम, एका गटाला शिकवायचंच नाही, हे अन्यायाचं नाही का?” हा लगेच येणारा दुसरा आक्षेप. नाही. बालसखी सहभागी शाळांना मिळालीच. काही शाळांत एका इयत्तेला, काही शाळांत दुसऱ्या. सावंगीभोवतीच्या कुठल्याही दोन गावांत हे करता येईल. दोन्हीकडे चाचणी घ्या, चिठ्ठी टाका, एका गावात आधी शिकवा, उत्तरचाचणी झाली की दुसऱ्या गावात शिकवा. वंचित कुणी राहत नाही, खर्च वाढतो तो दोन-चार फेऱ्यांच्या पेट्रोलचा. विद्यार्थ्यांच्या हातात चार-सहा आठवडेच असतात, हे मान्य. पण ही रचना तेवढ्यात बसते. ती सुचवायची कुणी, तर मार्गदर्शकानं. राग काढायचाच तर तो तिथं काढावा, उन्हातान्हात प्रश्नावली घेऊन फिरणाऱ्या मुलींवर नाही.

काय मोजायचं, तेही मार्गदर्शकानंच ठरवावं. पुन्हा सिकलसेलच घ्या. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला शहडोलमधून सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट घेऊन. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. मग शिकवल्यानंतर तीन महिन्यांत त्या साठपैकी किती मुलींनी सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलची रक्ततपासणी, करून घेतली, हे उपकेंद्राच्या नोंदीवरून पाहता येईल. आकडा अकरावरून एकोणीसवर जाण्याइतका देखणा नसेल. खरा असेल.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘९८ टक्के प्रशिक्षणार्थी समाधानी’: डोनाल्ड कर्कपॅट्रिकनं १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या, ही त्यातली सगळ्यात खालची, आणि जेवण चांगलं असलं तरी चढता येते. ‘पाच हजार शिक्षकांना प्रशिक्षण दिलं’: हा खर्चाचा हिशेब झाला, परिणामाचा नाही. ‘आम्ही प्रत्यक्ष फरक पाहिला’: आपण पाहतोय हे कळलं की लोक वेगळं वागतात, तोही फरकच. ‘नमुना मोठा घेतला की झालं’: चुकीची रचना हजार जणांवर केली तर चूक हजार जणांची होते.

वागणं बदललं की परिणाम आपोआप येतो, हा त्यातला जरा वजनदार. सुरक्षित प्रसूतीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं एक यादी केली आहे. हात धुतले का, रक्तदाब पाहिला का, अशी. कर्नाटकातल्या तालुका पातळीवरच्या एका प्रसूती केंद्रात ती वापरून आधी-नंतर मोजलं, तेव्हा २९ पैकी सरासरी १० आवश्यक कृती होत होत्या, त्या २५ वर गेल्या. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि साहजिकच उत्साह वाढला. मग उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांवर, दीड लाखाहून अधिक माता आणि बाळांना घेऊन, तुलनागट ठेवून चाचणी झाली. यादीसोबत प्रशिक्षक नेमून शिकवल्यानं दोन महिन्यांनी तिथल्या कर्मचाऱ्यांचं पालन ७२.८ टक्के होतं, तुलनेच्या केंद्रांत ४१.७. वागणं नक्की बदललं. पण मृत्यू आणि मातांच्या गंभीर गुंतागुंती एकत्र धरल्या तर प्रमाण १५.१ टक्के विरुद्ध १५.३. म्हणजे काहीच फरक नाही.

हा निकाल कपाटात गेला नाही. २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’नं तो छापला. ‘फरक दिसला नाही म्हणजे प्रबंध वाया गेला’ असं समजून आकडे पुन्हा पुन्हा चाळणाऱ्यांसाठी हे सांगितलं. कोणती गोष्ट मोजणार आणि कधी मोजणार, हे आधीच जाहीर करून टाकलं की ती चाळणीही थांबते. त्यासाठी भारतीय क्लिनिकल चाचण्यांची नोंदवही, सीटीआरआय, २००७ पासून आहे. नोंद फुकट आहे. मात्र एप्रिल २०१८ पासून ती पहिला माणूस अभ्यासात घेण्याआधीच करावी लागते. नंतर गेलात तर स्वीकारत नाहीत.