गोडी आवाजाची, हानी कानाची
आवाज चढविला की गाणे अधिक गोड लागते. पण ती गोडी फसवी, असे मी म्हणतो. १९३३ साली अमेरिकेत फ्लेचर व मन्सन यांनी दाखवून दिले की, हळू आवाजात खर्जाचे स्वर कानाला फारच क्षीण वाटतात. आवाज चढताच ते भरून येतात. म्हणूनच मोठ्याने ऐकून वाद्यांचा मेळ बसविणारा ध्वनिमुद्रक खर्ज कमी ठेवतो आणि घरी हळू लावलेले तेच गाणे पोकळ वाटते!

त्याहून मोठे नुकसान कानाचे. ८५ डेसिबेलला आठ तास, ८८ ला चारच, अशी अमेरिकेतील ‘नायॉश’ची १९९८ ची कामगारांसाठी मर्यादा आहे. अंतर्कर्णातील केशपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तेव्हा वाचकहो, आवाज बेताचाच ठेवा. गाणे पुन्हा मुद्रित करता येईल, कान नाही.